गटाने डोंगर चढताना नकाशा एकाच्याच हातात राहतो. चालीची शिस्त आणि नकाशावाचन कसं बसवावं?

वडगावकर_पायी

नमस्कार मंडळी.

बेळगावातून पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, डोंगरात जाणारा गट आहे. चौदा ते अठरा माणसं, कॉलेजच्या पोरांपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत. राजहंसगड, वैजनाथ, महिपाळगड, काकतीचा डोंगर या जवळच्या वाटा पायाखालच्या झाल्यात. दिवाळीनंतर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला दिवसभराची चाल करायचा विचार आहे, आणि तिथं आत्ताची पद्धत चालणार नाही असं दिसतंय.

आत्ताची पद्धत म्हणजे एकाच्या मोबाईलवर ट्रॅक (वाटेची जीपीएस नोंद), बाकी सगळे त्याच्या पाठीकडे बघत. पुढचे सहा फाट्यावरून वळून गेलेले असतात, मागचे चार फोटो काढत असतात, मधल्यांना दोन्ही टोकं दिसत नाहीत. "आपण आत्ता कुठं आहोत" याचं उत्तर एकच माणूस देऊ शकतो.

विचारायचं ते असं: छापील नकाशा घ्यायचा तर कुठला, आणि माणशी एक लागतो का? नकाशा वाचायला चालता चालता शिकवता येतं, की आधी वेगळा वर्ग घ्यावा? गटाच्या चालीचे नियम कुठले ठेवावेत, म्हणजे खरोखर पाळले जातील असे? आणि शेवटचं, "मला वाट ठाऊक आहे, नकाशा कशाला" म्हणणारे ज्येष्ठ असतात. त्यांचा मान राखून हे कसं जमवायचं?

शीट_४८आय

नकाशाचं मी सांगतो. चालीबद्दल इथं माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत.

सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार दाखवणारा सरकारी नकाशा, घ्या. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी केली की ओपन सीरिजच्या (सगळ्यांसाठी खुल्या, नव्या) शीट पीडीएफमध्ये मिळतात. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटर अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे एका जाड रेषेपासून दुसरीपर्यंत १०० मीटर चढ. हे आकडे गटातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. दोन जाड रेषा २ मिलिमीटरवर आल्या असतील तर तिथं ४५ अंशांचा उतार आहे. १८ जणांना घेऊन त्या बाजूला जायचंच नाही, हे घरी बसून कळतं.

जुन्या क्रमांकांप्रमाणे १६ अक्षांशाच्या दक्षिणेला आपला भाग ४८ आय मध्ये येतो. उत्तरेचा म्हणजे संकेश्वर, निपाणी, चिकोडी हा पट्टा ४७ एल मध्ये. एक शीट अक्षांश-रेखांशाची १५ मिनिटं बाय १५ मिनिटं, आपल्याकडे साधारण २७ बाय २८ किलोमीटर. कणकुंबी आय/२ वर, जांबोटी आय/६ वर. म्हणजे तुमची चाल ७४ अंश १५ मिनिटांच्या रेषेवर दोन शीटमध्ये कापली जाणार. बेळगाव शहराचं तर आणखी गमतीदार आहे, ७४ अंश ३० मिनिटांची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे कॅम्पाच्या आसपास काही शोधायचं तर आय/५ आणि आय/९ दोन्ही उघडाव्या लागतात. शीटच्या कडेवर वाट चुकायचं प्रमाण जास्त असतं, कारण दुसरी शीट घरी राहिलेली असते. दोन्ही पीडीएफ जोडून चालीपुरता तुकडा कापा आणि तोच छापा. नवीन शीटचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत, दक्षिणेकडचे डी ४३ ने आणि उत्तरेकडचे ई ४३ ने सुरू होतात. गोंधळ झाला तर कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश बघा.

छापताना प्रिंटरचं "फिट टू पेज" बंद करा. ते चालू राहिलं तर नकाशा पाच-सात टक्क्यांनी आक्रसतो आणि सगळी अंतरं चुकतात. छापल्यावर पट्टीने तपासा: स्केलवरचे ५ किलोमीटर कागदावर बरोबर १० सेंटिमीटर भरले पाहिजेत. ए-४ कागदावर साधारण ९ बाय १३ किलोमीटरचा भाग बसतो, एका दिवसाला पुरतो. झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट घ्या, घरच्या इंकजेटची शाई घामाच्या हातानेसुद्धा पसरते.

माणशी एक नको, तिघांत एक पुरे. माणशी एक दिला की तो सॅकच्या तळाशी जातो. तिघांत एक असला की कुणी तरी "दाखव बघू" म्हणतो. पूर्ण चालीचा ए-३ मात्र पुढच्याकडे आणि शेवटच्याकडे, दोघांकडे हवा.

आता नकाशात काय नसतं ते. आपल्याकडच्या सड्यांच्या (उघड्या खडकाळ पठारांच्या) कडेला जांभ्याचा उभा कडा असतो, दहा-पंधरा मीटरचा. २० मीटरच्या दोन रेषांच्या मधे तो अख्खा लपतो. कागदावर सौम्य उतार दिसतो आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून पठाराच्या कडेवरून "इथून सरळ खाली उतरू" हे कागदावर ठरवायचं नाही. कारवीची दाटीही नकाशावर नसते. जुन्या शीटवरच्या तुटक रेषेच्या पायवाटा निम्म्या बुजलेल्या असतात, आणि तुमची प्रत जुनी असेल तर नवे रस्ते, तलाव त्यात नसतील. छापल्याचं नव्हे, सर्वेक्षणाचं वर्ष बघा, ते नकाशाच्या समासात दिलेलं असतं.

जुनी शीट आणि मोबाईल एकत्र वापरणार असाल तर आणखी एक. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत, मोबाईल डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे दोघांनी पृथ्वीच्या आकाराची वेगवेगळी मापं धरलेली. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश जुन्या शीटवर मांडले तर आपल्या भागात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. ओपन सीरिजच्या शीटला ही अडचण नाही.

मागचा_माणूस

चालीचे नियम थोडे ठेवा. आठ-दहा नियम निघायच्या आधी वाचून दाखवले की शेवटी एकही लक्षात राहत नाही. माझ्या मते कणा एकाच नियमाचा: प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. पुढच्याची नाही. वळणावर किंवा दर दोन-तीन मिनिटांनी मागं बघायचं, मागचा दिसला नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसेनासे होता, मग तो थांबतो, असं करत पुढचा माणूसही थांबतो. ओरडावं लागत नाही. बहुतेक गटांत उलटं असतं, सगळे पुढच्याला गाठायला धावतात आणि रांग मधोमध तुटते.

पुढे एक आणि शेवटी एक, ही दोन माणसं ठरलेली. शेवटच्याच्या मागे कुणीही नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. लघवीला जायचं तर सॅक वाटेच्या कडेला ठेवून जा. सॅक दिसली की शेवटचा तिथं थांबतो, विचारपूस करावी लागत नाही. हा नियम बायकांना विशेष सोयीचा पडतो.

सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर. शेवटी ठेवला तर अंतर वाढत जातं, तो धापा टाकत येतो तेव्हा बाकीचे विश्रांती घेऊन उठलेले असतात, "चला" म्हणतात आणि त्याला बसायलाच मिळत नाही. तासाभरात तो गळतो. म्हणून थांब्याची वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजायची. त्याने पाणी पिऊन सॅक उचलली की निघायचं.

फाट्यावर पूर्ण थांबा. झुडपावर रुमाल बांधून, दगडावर दगड रचून पुढं जाणं हा उपाय नव्हे, गुराख्याची पोरं किंवा वारा ते हलवतात. पुढचा माणूस स्वतः उभा राहतो, शेवटचा दिसला की हात करतो, मगच पुढं.

मोजणी आकड्यांनी करा. सकाळी प्रत्येकाला नंबर द्या, थांब्यावर प्रत्येकाने आपला नंबर पुकारायचा. एकाने डोकी मोजली की हलणारी माणसं दोनदा मोजली जातात.

शिट्टी: एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. संकटाची डोंगरातली रूढ खूण अशी, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. मजा म्हणून शिट्टी वाजवायची नाही, हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगा. ब्लूटूथ स्पीकरही घरी. त्याने शिट्टीही ऐकू येत नाही आणि गवाही.

नाळेतून (डोंगरातल्या अरुंद, दगडी घळीतून) चढताना सुटा दगड निसटला तर "दगड!" एवढाच शब्द, मोठ्याने, कुणाचा का असेना. अशा जागी एक तर अगदी चिकटून चढा, म्हणजे दगडाला वेग यायच्या आत तो अडवता येतो, किंवा एकेक जण चढा आणि बाकीचे बाजूला आडोशाला. पाच-सहा मीटर अंतर ठेवून चढणं सगळ्यात वाईट. करवंद-घाणेरीच्या जाळीत मात्र उलट, दोन-तीन पावलांचं अंतर हवं, नाही तर पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या डोळ्यात.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या जुन्या (१८९२) नियमाने करतात: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. हा नियम सडसडीत एकट्या माणसाचा. पंधरा जणांसाठी किलोमीटरला २० मिनिटं धरा, चढाची १० तशीच. १२ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ असेल तर २४० अधिक ४० म्हणजे २८० मिनिटं. तासाला १० मिनिटांचे थांबे आणि पाऊण तास जेवण धरून सव्वासहा तास. साडेसातला निघालात तर पावणेदोन. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं. हा हिशेब करून "एक वाजता जिथं असू तिथून परत" असं सकाळीच सगळ्यांना सांगा. दुपारी सांगितलं की वाद होतो.

चंदगडी_गडी

मागचा_माणूस यांनी छान सांगितलंय. मी गावच्या बाजूचं घालतो.

वाट शेतातून जात असेल तर बांधावरून, एकामागून एक. भातकापणी झाली तरी वाफ्यातून आडवं जायचं नाही, पुढं मसूर-वाटाणा टाकलेला असतो तो लगेच दिसत नाही. काटेरी कवाड जसं होतं तसं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. भलेपणाने लावलेल्या कवाडामुळं म्हशी पाण्यापासून अडतात. डोक्यावर मोळी किंवा गवताचा भारा घेऊन कुणी समोरून आलं तर सगळ्या गटाने बाजूला व्हायचं, चढणाऱ्याला आधी वाट वगैरे नियम तिथं चालत नाहीत. धनगरवाड्यावर कुत्री असतात. पळू नका, लांबूनच हाक द्या, घरचं माणूस बाहेर आलं की कुत्रं गप्प बसतं.

वाट विचारायची तर "हीच वाट ना कणकुंबीची?" असं विचारू नका. भिडेखातर "होय की" म्हणतील. "कणकुंबीला कुठली वाट?" असं विचारा, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. अंतर विचारू नका, तासाचा हिशेब विचारा, आणि आलेल्या उत्तराच्या दीडपट धरा.

सरहद्दीचं ध्यानात ठेवा. वैजनाथ, महिपाळगड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. जांबोटी, कणकुंबी खानापूर तालुक्यात, कर्नाटकात. डोंगरात कुठंही पाटी नाही, पण वनखातं वेगळं. जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ पासून. त्यात खानापूर तालुक्यातल्या संबंधित रेंज ऑफिसची परवानगी घेतल्याशिवाय पाय टाकायचा नाही. अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि शिस्तीचा प्रश्न आहेच. अभयारण्याची हद्द जाड पेनाने तुमच्या नकाशावर काढून ठेवा. ११२ ला फोन करायची वेळ आली तर आधी राज्य, तालुका, जवळचं गाव सांगा, मग काय झालं ते. टॉवर कुठल्या राज्याचा पकडलाय ते आपल्याला कळत नाही.

आणि मोबाईलवर बंदी बिंदी काही घालू नका राव. हल्ली शिकवायच्या नादात लोक मोबाईलच सॅकमध्ये टाकायला लावतात.

सडा_आणि_धुकं

बंदी नको, पण क्रम हवा. आधी कागदावर बोट ठेवून "आपण इथं आहोत" म्हणायचं, मग मोबाईल उघडून बघायचं. आधी मोबाईल बघितला की डोळे जमिनीकडे वळतच नाहीत. ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या ॲपमध्ये भाग उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस चालूच राहतं, बॅटरी दिवसभर पुरते. ट्रॅक तिघांच्या फोनमध्ये असू द्या.

शिकवण्याबद्दल. वर्ग हवा, पण एकच, आणि चढायच्या दिवशी नको. घमेल्यात ओल्या लाल मातीचा डोंगर करा, दोन शेंडे, मधे खिंड, एका बाजूला घळ, दुसरीकडे सोंड. दोन सेंटिमीटर पाणी ओता, पाण्याच्या कडेने काडीने रेघ ओढा. पुन्हा दोन सेंटिमीटर, पुन्हा रेघ. डोंगर बुडाला की पाणी काढून टाका आणि वरून बघा: कंटूर समोर तयार. घळीत रेघेचं टोक चढाकडे जातं, सोंडेवर उताराकडे. नकाशावाचनातल्या बहुतेक चुका याच दोघांची अदलाबदल झाल्याने होतात, म्हणून दोन्ही ठिकाणी बोट ठेवून प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. पाऊण तासाचं काम.

मग राजहंसगड. एकटा डोंगर, भोवती मोकळं, उत्तरेला बेळगाव, पायथ्याला येळ्ळूर, वायव्येला वैजनाथची रांग. हवा स्वच्छ असेल तर शिकायला याहून सोपी जागा नाही. वर गेल्यावर नकाशा हातात धरून स्वतः फिरायचं, नकाशावरचं येळ्ळूर आणि डोळ्यांसमोरचं येळ्ळूर एका रेषेत येईपर्यंत. अक्षरं उलटी आली तरी चालतील. लोक अक्षरं सरळ ठेवायच्या नादात नकाशा चुकीच्या दिशेला धरतात आणि मग डावं-उजवं उलटतं. नकाशा जुळला की घडी घालून चालीचा भागच वर ठेवायचा आणि आपण आहोत तिथं अंगठा. प्रत्येक ठरलेल्या खुणेवर अंगठा पुढं सरकवायचा. हा अंगठा हललाच नाही तर माणूस नकाशा वाचत नाही, नुसता धरून आहे.

त्यानंतर नेहमीच्या चालीवर टप्पे पाडा, ६०० मीटर ते एक किलोमीटरचे. प्रत्येक टप्प्याला एक जोडी पुढं. टप्पा सुरू करायच्या आधी जोडीने सगळ्यांना मोठ्याने पाच गोष्टी सांगायच्या: दिशा, अंतर, किती मिनिटं, वाटेत काय काय लागेल, आणि जास्त पुढं गेलो तर काय दिसेल. पाचवी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे तीच विसरतात. "तिसरा ओढा ओलांडला म्हणजे आपण चुकलो" असं आधी बोललेलं असेल तर तिसऱ्या ओढ्याला कोणीही थांबवू शकतं, कॉलेजची पोरसुद्धा. नाही तर पुढचा चुकतोय हे मागच्याला कळत असूनही तो बोलत नाही.

बाकीच्यांनी टप्पा संपेपर्यंत उत्तर सांगायचं नाही. जाणत्याने रांगेच्या मधे चालायचं, चूक दिसली तरी २०० मीटर किंवा पाच मिनिटं जाऊ द्यायची, मग "आत्ता कुठं आहोत आणि कशावरून?" एवढंच विचारायचं. तीन पुरावे मागायचे: उताराची दिशा, ओढा किंवा वाट, आणि चाललेली मिनिटं. एका पुराव्यावर काहीही सिद्ध होतं. कड्याजवळ, अभयारण्याच्या हद्दीजवळ किंवा दुपारी तीननंतर हा खेळ बंद, तिथं जाणता पुढं येतो. चुकलंय हे नक्की झालं की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागं जायचं. "आडवं कापून वाटेला लागू" म्हणणाऱ्याला त्या दिवशी पुढं ठेवू नका.

पावलं मोजायला शिका. हायवेला किलोमीटरच्या दगडांच्या मधे दर २०० मीटरला छोटे दगड असतात. दोन दगडांमधली डाव्या पायाची पावलं मोजा, निम्मी करा, तो तुमचा १०० मीटरचा आकडा. बहुतेकांचा ६० ते ७० येतो. चढाला आणि झाडीत तो ८०-९० पर्यंत जातो. झाडीत लोक चाललेलं अंतर हमखास जास्त समजतात, "झाला की एक किलोमीटर" म्हणतात तेव्हा सहाशे मीटर झालेले असतात.

होकायंत्र पारदर्शक पट्टीचं घ्या. पट्टीची कड आपल्या जागेपासून मुक्कामापर्यंत ठेवा, बाण मुक्कामाकडे. तबकडी फिरवून आतल्या रेघा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर करा, उत्तर वरच्या बाजूला. मग ते छातीसमोर आडवं धरून सगळ्या अंगाने फिरा, लाल सुई तबकडीच्या उत्तरेत बसेपर्यंत. बाण दाखवतो ती दिशा. चूक कुठं होते? तबकडीचं उत्तर नकाशाच्या खालच्या बाजूला ठेवलं की बरोबर उलट्या दिशेला चाल सुरू होते. म्हणून निघताना सूर्याकडे एकदा बघा. भर दुपारी मात्र सूर्याचा भरवसा नको, मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मोबाईल, पॉवर बँक, चुंबकाची बटणं असलेली पाऊच होकायंत्रापासून हातभर लांब. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्या भागात एक अंशाच्या आसपास आहे, किलोमीटरला १७ मीटर. विसरा. हात हलल्याने होणारी पाच अंशांची चूक किलोमीटरला ८७ मीटर नेते, तिची काळजी करा.

सड्यावर धुकं उतरलं तर सगळ्या बाजूंना सारखंच दिसतं आणि ढोरवाटा शंभर असतात. तेव्हा होकायंत्रवाला मागे उभा राहतो, एकाला दिसेनासा व्हायच्या आत जितकं जाता येईल तितकं पुढं पाठवतो, हाताने डावं-उजवं करून रेषेत आणतो, मग गट त्याच्यापर्यंत जातो. पुन्हा तेच. हळू होतं, पण सरळ होतं. आणि वाटेचा फाटा गाठायचा असेल तर नेम फाट्यावर धरू नका, मुद्दाम शंभर मीटर डावीकडे धरा. वाट लागली की उजवीकडे वळायचं हे नक्की असतं. बरोबर नेम धरून वाट लागली आणि फाटा दिसला नाही तर डावीकडे शोधायचं की उजवीकडे, हे कुणीच सांगू शकत नाही.

एक गोष्ट तुमच्या ठिकाणासाठी खास. "वाट चुकली तर ओढा धरून खाली जा, गाव लागतं" हे सगळ्यांच्या तोंडी असतं. कणकुंबीच्या परिसरात ते धोक्याचं आहे. तिथं पाणी दोन बाजूंना जातं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला वाहते, तिच्या बाजूचे ओढे सपाटीवर, शेतांकडे नेतात. म्हादईकडे जाणारे ओढे पश्चिमेला घाटाच्या कड्यावरून थेट गोव्याच्या बाजूला कोसळतात. दोन्ही ओढे वर सुरुवातीला सारखेच दिसतात. म्हणून निघायच्या आधी पाणलोटाची रेषा, म्हणजे ज्या धारेपासून पाणी दोहोंकडे फुटतं ती, रंगीत पेन्सिलीने काढा. आणि गटाला एकच सुटकेची दिशा द्या: जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो. रस्त्याच्या उत्तरेला असाल तर दक्षिणेकडे, दक्षिणेला असाल तर उत्तरेकडे. आज आपण कुठल्या बाजूला आहोत हे प्रत्येकाला सकाळीच पाठ हवं.

वडगावकर_पायी

सगळ्यांचे आभार. ताई, जोडी लावायची म्हणता, पण दोन-तीन जण चारचौघांत चुकायला लाजतात. आणि काकांचा प्रश्न तसाच राहिला.

सडा_आणि_धुकं

लाजणाऱ्याला पहिला टप्पा द्या, वाट ठळक असते तिथला. जोडीदार त्याच्या बरोबरीचा द्या, जाणता देऊ नका, नाही तर तो फक्त नकाशा धरणारा होतो. आणि टप्पा संपल्यावर चूक कुणाची हे न विचारता कुठं झाली ते सगळ्यांनी आपापल्या नकाशावर दाखवायचं. चार जणांची बोटं चार ठिकाणी असतात, मग लाज वाटून घ्यायला कुणी उरत नाही.

मागचा_माणूस

काकांना नकाशा शिकवायला जाऊ नका, त्यांच्याकडून नकाशा भरून घ्या. टोपोशीटवर मोठे ओढे आणि गावं असतात. बारक्या झऱ्यांची, खिंडींची, देवराईची, कोरड्या दिवसांत कुठं पाणी टिकतं याची माहिती नसते. ती त्यांच्याकडे असते. एक पोरगं त्यांच्या जोडीला द्या, "काका, हा झरा नकाशावर कुठं येईल?" असं विचारत दोघांनी पेन्सिलने खूण करायची. पेन्सिलच, पेन नको. दोन-तीन झऱ्यांनंतर काका स्वतःच कंटूर मोजायला लागतात. वाट त्यांनाच विचारा, फक्त फाट्यावर तीन पुराव्यांचा नियम त्यांनाही लागू.

चंदगडी_गडी

पाणी कुठं टिकतं ते लिहून घ्याल तर महिनाही लिहा. नोव्हेंबरातला झरा मार्चात नसतो.

शीट_४८आय

तारीखही टाका, आणि झालेल्या खुणांची एक प्रत गटाच्या फाईलला ठेवा. पुढच्या वेळी छापताना त्याच तुकड्यावरून छापायचं. झेरॉक्स काढाल तर पुन्हा पट्टी लावून १० सेंटिमीटर तपासा, झेरॉक्स मशीनही दोन-तीन टक्के खातं.